पूर अडवायचा की आत घ्यायचा: कृष्णा-पंचगंगा काठच्या घराची पूर्वतयारी

पुराचे पाणी दारात अडवायचे की घरात येऊ द्यायचे, हे सर्वांत आधी ठरवावे लागते. जोत्यापासून दोन फुटांपर्यंत पाणी येणाऱ्या घरात ते अडवता येते. तीन फूट ही शेवटची हद्द. त्याहून जास्त पाणी येत असेल तर अडवण्याचा हट्ट सोडावा आणि पाणी आत आले तरी न पडणारे, धुता येणारे, लवकर वाळणारे घर करावे. सांगली, शिरोळ, पलूस, करवीर भागातली बरीच घरे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. पण खर्च मात्र पहिल्या प्रकारावर होतो. दाराला फळ्या, भिंतीला वॉटरप्रूफ रंग, फटींना सिलिकॉन. मग पाणी पाच फूट येते आणि भिंतच आत झोपते.

कारण साधे आहे. पाण्याची उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो. दहा फूट लांबीच्या भिंतीला बाहेरून दोन फूट पाणी लागले तर साडेपाचशे किलोच्या आसपास रेटा बसतो. तीन फुटांना सव्वा टन, पाच फुटांना साडेतीन टन. नऊ इंची पक्क्या विटांची, सिमेंटात बांधलेली भिंत तीन फुटांपर्यंत टिकते; साडेचार इंची भिंतीचा तेवढाही भरवसा धरू नये. त्यातच जमिनीखालून पाणी फरशीला वर ढकलते. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडे असेल, तर दर चौरस फुटाला ८५ किलो उचल लागते. चार इंची कोब्याचे वजन भरते फक्त २२ किलो. कृष्णेचा पूर आठवडाभरही थांबतो, तेवढ्यात पाणी जोत्याखाली सहज पोचते आणि फरशी फुगून फुटते. चिपळूण, महाडचा पूर वेगळा. २२ जुलै २०२१ ला तिथे पाणी काही तासांत चढले, गाळ घेऊन आले आणि लवकर ओसरले. तिथे फरशी उचलली जाण्यापेक्षा वेगाच्या पाण्याचा धक्का आणि गाळ यांची काळजी जास्त करावी लागते.

आपला आकडा काढा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. हे आकडे नदीचे झाले. आपल्या घराचा आकडा आपणच काढायचा असतो: मापक किती फुटांवर असताना आपल्या पायरीला पाणी लागते, आणि त्याआधी किती फुटांना आपला रस्ता बंद होतो. रस्त्याचा आकडा जास्त महत्त्वाचा. घर उंचावर आणि रस्ता ओढ्यातून, अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्या दारात पाणी येण्याआधीच बाहेर पडायची वाट जाते.

२०१९ ची किंवा २०२१ ची पाणीखूण घराच्या भिंतीवर असेल तर तिची उंची उंबऱ्यापासून मोजून लिहून ठेवावी. खूण शेजारच्या घरावर असेल तर गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी वापरावी. नळीत पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर दोन-तीन इंचांची चूक होते. दोन्ही वर्षांची खूण पाहावी, कारण २०२१ चा पूर कोल्हापुरात २०१९ पेक्षा चढा होता आणि सांगलीत उतरता. जी खूण जास्त वर असेल तिच्यावर आणखी दोन फूट धरून पुढची सगळी मापे घ्यावीत. मापकावर एक फूट वाढले म्हणजे आपल्याकडेही एकच फूट वाढेल असे समजू नये. पाणी शेतात पसरते तिथे वाढ कमी होते, गल्लीत कोंडते तिथे जास्त.

नवे घर बांधायचे असेल तर आधी जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत प्लॉट स्वस्त मिळतो याचे कारण विकणाऱ्याला चांगले ठाऊक असते. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचे तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर नेऊनच आराखडा करावा.

मातीच्या भिंती

पुरात सर्वांत जास्त पडतात ती पांढऱ्या मातीची आणि भेंड्यांची (कच्च्या मातीच्या विटांची) घरे. पाणी लागताच अशी भिंत पडत नाही. ती खालून पाणी शोषते, तळाचा दीड-दोन फुटांचा भाग लोण्यासारखा होतो आणि वरचे वजन त्यात बसते. पाणी बाहेर असते तोवर तेच भिंतीला थोडा आधारही देते. ते उतरू लागले की आधार जातो आणि ओल मात्र राहते. म्हणूनच पूर ओसरल्यावर, अगदी ऊन पडल्यावरही भिंती कोसळतात. पाणी गेले म्हणून लगेच आत शिरणाऱ्यांचे जीव यातच जातात.

पहिली तपासणी छपराची. तुळया लाकडी खांबांवर टेकल्या आहेत की थेट भिंतीवर, हे माळ्यावर चढून पाहावे. जुन्या खणांच्या घरात खांब असतात, पण पुढे कधीतरी खोली वाढवताना खांब काढून तुळई भिंतीत घुसवलेली सापडते. अशा प्रत्येक तुळईखाली चार इंची लोखंडी पाइपचा खांब द्यावा. त्याच्या खाली दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल काँक्रीटचा ठोकळा, वर आणि खाली ८ मिमीची पट्टी. एवढे केले की भिंत पडली तरी छप्पर माणसांच्या अंगावर येत नाही. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते हेच करावे.

दुसरे काम भिंतीचा तळ बदलण्याचे. खालचा चार फुटांचा भाग काढून तिथे दगड किंवा भाजकी वीट, एकास सहा सिमेंट मालात. हे काम सलग करायचे नसते. तीन-तीन फुटांचे तुकडे पाडावेत आणि एक सोडून एक घ्यावेत: पहिला, तिसरा, पाचवा. ते सात दिवस पाणी मारून पक्के झाले की दुसरा आणि चौथा. वरच्या भागाला आडवे लाकूड आणि जॅकचे टेकू. नव्या बांधकामाचा वरचा थर आणि जुनी माती यांत अर्ध्या-एक इंचाची फट राहतेच. तिच्यात कोरडसर सिमेंट माल लोखंडी पट्टीने ठासून भरावा. ती तशीच राहिली तर पहिल्याच पावसाळ्यात भिंत तेवढी खाली बसते आणि तिरपी चीर पडते. काम जानेवारी ते एप्रिलमध्येच उरकावे.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. दिसायला ती पक्की दिसते, पण सिमेंट मातीला धरत नाही. मधल्या पोकळीत पाणी शिरते, बाहेर पडायला वाट राहत नाही आणि भिंत आतल्या आत मऊ होते. वरून ठणठणीत दिसणारी भिंत म्हणून लोक तिच्याखाली झोपतात. माती, भुसा आणि थोडा चुना यांचा गिलावा दर दोन वर्षांनी द्यावा लागतो, पण त्यावर निदान ओल दिसते.

विटांचे घर

नव्या बांधकामात जोत्याला आणि लिंटेलला (दार-खिडक्यांच्या माथ्याला) आरसीसी पट्टा सलग फिरवावा. सहा इंच जाडीच्या पट्ट्यात १० किंवा १२ मिमीच्या चार सळया आणि दर सहा इंचांवर ६ मिमीची रिंग. कोपऱ्यात सळया काटकोनात तोडून ठेवण्याची गवंड्यांची सवय असते, ती चालत नाही. सळई वाकवून पुढच्या भिंतीत दीड-दोन फूट जायला हवी, नाहीतर कोपराच उघडतो. काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगा असलेले अंडररीम्ड पाइल घ्यावेत. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पुरानंतर दोन महिन्यांनी पडणाऱ्या चिरा बऱ्याचदा या आकसण्याच्या असतात.

जुन्या घराभोवती तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी घालावी, बाहेर दर फुटाला अर्धा इंच उतार. उतरणारे पाणी जोत्याची माती धुऊन नेते, ते यामुळे थांबते. पट्टीच्या कडेला नऊ इंच खोल आडवी कड द्यावी, नाहीतर पाणी तिच्या खालूनच जाते.

ज्या घरात पाणी आत घ्यायचे ठरले आहे तिथे दोन्ही बाजूंची पातळी सारखी राहायला हवी, म्हणजे भिंतीवर रेटा उरत नाही. त्यासाठीचा हिशोब असा: तळमजल्याच्या दर चौरस फुटाला एक चौरस इंच उघडी वाट, निदान दोन वेगवेगळ्या भिंतींत, आणि तिचा तळ जमिनीपासून एक फुटाच्या आत. पाचशे चौरस फुटांच्या घराला पाचशे चौरस इंच. नऊ बाय बारा इंचांच्या पाच जाळ्यांत हे भागते. पुढच्या आणि मागच्या दाराला लाकडी दाराबरोबर लोखंडी जाळीचे दार असेल तर वेगळ्या जाळ्याही लागत नाहीत: घर सोडताना लाकडी दारे उघडी ठेवायची आणि जाळीला कुलूप घालायचे. चोरी टळते, पाण्याला वाट राहते. उंदीर-सापांसाठी अर्ध्या इंचाची जाळी चालते. त्याहून बारीक असली की पालापाचोळ्याने तासाभरात बुजते. कंपाउंड भिंतीलाही हाच न्याय. तळाशी दर पाच-सहा फुटांवर एक वीट सोडलेली असावी. भरीव कंपाउंड भिंत पुरात हमखास आडवी होते.

आतल्या वस्तूंची निवड धुता येण्यावर करावी. गिलावा सिमेंटचा, एकास चार. जिप्सम आणि पीओपी पाणी लागले की सुटते. तळमजल्यावर एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे) काहीही नसावे. ते दोन दिवसांत फुगते आणि वाळल्यावर भुगा होतो. प्लायच लागेल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय, तोही भिंतीपासून एक इंच सोडून, म्हणजे मागे वारा लागतो. स्वयंपाकघरात कडाप्पाचा ओटा आणि कडाप्पाच्याच उभ्या-आडव्या फळ्या यांना तोड नाही. पाइप लावून धुतले की झाले. फरशी कोटा, शहाबाद किंवा व्हिट्रिफाइड, खाली पूर्ण माल भरून. टिचकी मारली की पोकळ वाजणारी फरशी पुरात सुटते. फ्लश दारे फुगून चौकटीत अडकतात, म्हणून तळमजल्याला डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रण) किंवा ॲल्युमिनियमची. जुनी सागवानी दारे असतील तर त्यांना उचलून काढता येणारे बिजागर बसवावेत आणि दारे माडीवर न्यावीत.

वीज

जिथे पाणीखूण चार फुटांच्या खाली आहे तिथे बोर्ड, सॉकेट, मीटर आणि वितरण पेटी सगळे खुणेच्या दोन फूट वर. मीटर आपण हलवायचा नसतो. महावितरणकडे अर्ज करावा. जिथे पाणी सात-आठ फूट येते तिथे बोर्ड वर नेण्याने काही साधत नाही. तिथे वायरिंग बदलता येईल असे करावे: मुख्य पाइप छताखालून फिरवायचे आणि प्रत्येक बोर्डाला वरून सरळ खाली उतरवायचे. बोर्डाच्या खाली पाइप जाऊ देऊ नये, फरशीत तर कधीच नाही, कारण खालच्या वाकणात साठलेले पाणी महिनोन्‌महिने तिथेच राहते. असे केले की वायर वरून ओढून नवी घालता येते, भिंत फोडावी लागत नाही.

तळमजल्याचे सर्किट वेगळे, त्याला स्वतःचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), आणि पेटी माडीवर. इन्व्हर्टर आणि बॅटरी विसरू नयेत. महावितरणने पुरवठा तोडला तरी इन्व्हर्टर घरातल्या ओल्या बोर्डांना वीज देत राहतो. छतावरच्या सोलर पॅनेलचेही तसेच: उजेड आहे तोवर पॅनेलपासून येणारी डीसी वायर जिवंत असते, मग इन्व्हर्टर बंद असो वा बुडालेला. तिचा डीसी आयसोलेटर, म्हणजे ती तोडणारा स्विच, छतावरच हवा.

बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट वाळवून परत वापरू नयेत. आतल्या पात्यांवर गाळ बसतो, आणि असा एमसीबी वेळेवर पडतोच असे नाही. वायर टिकते, पण तिची दोन्ही टोके कापून पाहावीत. तांबे आतून काळे पडले असेल तर पाणी आत चढले आहे. पुरवठा सुरू करण्याआधी वायरमनकडून मेगर (वायरचे इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावून घ्यावा. ५०० व्होल्टला एक मेगाओहमपेक्षा कमी आले तर ते सर्किट जोडू नये. हेअर ड्रायरने बोर्ड वाळवून भागवणारा वायरमन बदलावा.

सांडपाणी, टाक्या आणि तरंगणाऱ्या वस्तू

दारात पाणी यायच्या आधीच ते मोरीतून आणि संडासातून वर येते. दाराला फळ्या लावून बसलेल्या घरांचा घात इथे होतो. घराबाहेरच्या शेवटच्या चेंबरमध्ये ११० मिमीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवावा, बाण गटाराकडे. त्यावर उघडता येणारे झाकण हवेच, कारण झडपेत केस नाहीतर प्लास्टिक अडकले की तो अर्धवट उघडा राहतो. मे महिन्यात उघडून पाहावा. व्हॉल्व्ह मिटलेला असताना आपले पाणीही बाहेर जात नाही, तेव्हा माडीवरून फ्लश करायचा नाही. व्हॉल्व्ह नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती कमोडमध्ये दाबावी आणि मोरीच्या ट्रॅपवर प्लास्टिक, त्यावर वाळूचे पोते ठेवावे. दोन फुटांपर्यंत एवढ्यावर भागते.

सेप्टिक टँकचा उपसा एप्रिल-मेमध्ये करून तो साध्या पाण्याने भरून ठेवावा. पूर येणार म्हणून ऐन वेळी उपसा करणे म्हणजे टाकी उपटायला मदत करणे. जमिनीखालची पाच हजार लिटरची रिकामी टाकी पुरात पाच टनांच्या जोराने वर उचलली जाते. पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकीही याच कारणाने काठोकाठ भरून, झाकण बांधून ठेवायची.

गॅस सिलिंडर जड म्हणून बुडेल असे वाटते. भरलेल्या घरगुती सिलिंडरचे वजन तीसएक किलो आणि तो पाणी हटवतो पस्तीस लिटर, म्हणजे भरलेलाही तरंगतो. रिकामा तर लाकडासारखा. रेग्युलेटर काढून, सेफ्टी कॅप लावून सिलिंडर माडीवर न्यावा; न्यायला जागा नसेल तर खिडकीच्या गजाला उभा बांधावा, दोन ठिकाणी. धान्याची कोठी आणि निळी पिंपेही तरंगतात. दोनशे लिटरच्या पिंपात गहू मावतो दीडशे किलो, म्हणजे भरलेले पिंपही उचलले जाते, आडवे होते आणि झाकण निघते. कड्यांचे घट्ट झाकण आणि दोरी, दोन्ही हवीत. फ्रिज बंद दाराने तरंगतो आणि उतरताना दारातच अडकून बसतो.

स्लॅब टाकणार असाल तर मधल्या खोलीत १२ मिमी सळईचे दोन हूक वरच्या जाळीला अडकवून सोडावेत. अर्ध्या टनाची चेन पुली भाड्याने मिळते. फ्रिज, वॉशिंग मशीन, पिठाची गिरणी त्यावर छतापर्यंत उचलता येते. नंतर स्लॅबला भोक पाडून ठोकलेला हूक या कामाचा नाही.

दोन फुटांपर्यंत अडवायचे असेल तर

दाराच्या दोन्ही चौकटींना ॲल्युमिनियमचे यू चॅनेल, त्यात वरून सरकणाऱ्या सहा-सहा इंची ॲल्युमिनियम पट्ट्या किंवा १८ मिमी मरीन प्लायच्या फळ्या. प्रत्येक सांध्यात आणि तळाला ईपीडीएम रबर. खालची फरशी सपाट नसेल तर सगळे फुकट, म्हणून उंबऱ्यापुढे ग्रॅनाइटची एक पट्टी लेव्हलमध्ये बसवून घ्यावी. दार चार फुटांहून रुंद असेल तर मध्ये काढता येणारा उभा खांब लागतो, नाहीतर फळी पोटात वाकते आणि रबर सुटते. दोन फुटांवर फळी चढवू नये. थोडे पाणी झिरपतेच. आत अर्ध्या एचपीचा पंप आणि त्याला वरून वीज हवी.

वाळूची पोती घालायची तर रिकामी सिमेंटची पोती अर्धीच भरावीत. गच्च भरलेले पोते दुसऱ्याला चिकटून बसत नाही. तोंड बांधायचे नाही, दुमडून खाली दाबायचे. खाली २०० मायक्रॉनचे प्लास्टिक, पोती विटांसारखी सांधा चुकवून, प्रत्येक थर पायाने तुडवून, तळाची रुंदी उंचीच्या अडीच-तीन पट. पाच फूट रुंद दाराला दोन फूट उंचीसाठी चाळीस-पन्नास पोती लागतात. नुसती वाळू नसेल तर मुरूम चालतो, काळी माती नाही.

पाणी चढताना

आपला आकडा काढलेला असेल तर घाई कमी होते. समजा राजाराम बंधाऱ्यावर ४७ फूट झाले की पायरीला पाणी लागते आणि ४५ ला रस्ता बंद होतो. मग ३९ ला कागदपत्रे, औषधे, गाद्या माडीवर, टाक्या भरून, गाडी उंचावर. ४१ ला जनावरे हलवायची. गोठ्यात ठेवणे भागच पडले तर दावी सोडून. ४३ ला फ्रिज, मोटर, सिलिंडर, दारे. ४४ ला मेन स्विच, इन्व्हर्टर आणि सोलर बंद, घराचे आत-बाहेर फोटो, आणि बाहेर पडायचे. ४५ ची वाट पाहायची नाही, कारण रात्री पातळी पाहायला कोणी उठत नाही.

फोटो विम्यासाठी आणि पंचनाम्यासाठी लागतात. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पुराचे नुकसान येते, पण ती पूर येण्याआधी घेतलेली हवी. वस्तू फेकण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढावा, त्यात मागची पाणीखूणही आली तर उत्तम.

पाणी उतरल्यावर

आत जाण्याआधी बाहेरून एक फेरी. भिंत पोटात फुगली आहे का, कोपऱ्याला उभी चीर आहे का, दार तिरपे झाले आहे का. मातीच्या घरात खांबांना टेकू लावल्याशिवाय शिरू नये. तळघर किंवा मोठी टाकी असेल तर सगळे पाणी एका दिवसात उपसू नये: बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते आणि आतला आधार काढला की भिंत आत येते. रोज दोन-तीन फूट उपसावे, रात्री पाणी परत किती चढले ते पाहावे, आणि चढत असेल तर थांबावे.

गाळ ओला असतानाच काढायचा. वाळला की तो खरवडावा लागतो आणि धुरळा नाकात जातो. गुडघ्यापर्यंत गमबूट आणि रबरी हातमोजे. लेप्टोस्पायरोसिस पायाच्या छोट्या जखमेतूनही होतो, ताप आला तर पुरात काम केल्याचे डॉक्टरांना सांगावे. भिंती वरून खाली धुवाव्यात, खालून वर नाही. हजार लिटरची टाकी घासून झाल्यावर भरावी, तिच्यात दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरचे निवळ घालावे, बारा तास ठेवून ते पाणी नळांतून सोडून द्यावे आणि मग पिण्याचे भरावे. उघडे राहिलेले पावडरीचे पाकीट निरुपयोगी. वास तीव्र येत नसेल तर टाकून द्यावे.

मग वाळवणे, आणि इथे सगळ्यांचा धीर सुटतो. विटांची भिंत इंचाला एक महिना असा ढोबळ हिशोब आहे. दोन्ही बाजूंना वारा लागला तर नऊ इंची भिंतीला निम्मा वेळ पुरतो, एक बाजू शेजाऱ्याला चिकटलेली असेल तर नाही. कपाटे भिंतीपासून हातभर सरकवावीत, फुगलेला गिलावा पाणीखुणेच्या एक फूट वरपर्यंत काढून विटा उघड्या कराव्यात. पांढरा लोणा फुटेल. तो कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकावा, पाण्याने धुतला तर क्षार परत भिंतीत जातात. बंद खोलीत हीटर लावून काही होत नाही, ओल तिथेच फिरत राहते. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि पंखा बाहेर तोंड करून.

भिंत वाळली का, हे हाताने कळत नाही. दोन फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवावा आणि चोवीस तासांनी पाहावा. आतून दव धरले असेल तर अजून ओल आहे. तशा भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक इमल्शन मारले की डिसेंबरपर्यंत पापुद्रे निघतात, आणि दोष रंगाच्या कंपनीला जातो. ऑगस्टमध्ये भिजलेल्या घराला दिवाळीत रंग हवाच असेल तर चुन्याचे दोन हात द्यावेत. त्यातून भिंत श्वास घेत राहते. पुट्टी पुढच्या मार्चमध्ये.